आजाऱ्याची पाठ

घरात कोणी आजारी पडले, की आपण आधी विचारतो, औषध आणले का? ते बरोबरच आहे. औषध हवेच. पण गोळी देऊन झाली, वर दोन घोट पाणी पाजले, मग पुढचे सहा तास काय? ते सहा तास आजारी माणूस अंथरुणातच असतो. त्या वेळात त्याचे काय करायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. आम्हालाही नव्हते.

२००४ साली आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. इस्पितळातून घरी आणली, तेव्हा तिला आपल्या आपण कुशीवर वळता येत नव्हते. आम्ही मऊ गादी घातली. गोळ्या वेळेवर दिल्या. घरात माणसांना तोटा नव्हता, मायेलाही नव्हता. दहाव्या-बाराव्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. कोणी म्हणाले, स्पिरिट चोळा. कोणी म्हणाले, वर पावडर लावा. आम्ही सकाळ-संध्याकाळ जोर लावून चोळले. डाग काळा पडला, कातडी फुटली, आणि तिथे लिंबू मावेल एवढा खड्डा झाला. तो भरायला पाच महिने लागले. आई झटक्याने कण्हली नाही, तेवढी त्या जखमेने कण्हली.

पुढे एका नर्सबाईंनी आम्हाला सांगितले, "गुरुजी, तुम्ही चोळलंत, तिथंच चुकलं." आम्ही पडलो मास्तर. पुरावा काय, म्हणून विचारले. तेव्हा त्यांनी सांगितली ती हकिकत अशी.

लंडन शहरात डोरीन नॉर्टन नावाच्या नर्सबाई होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या इस्पितळात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी या जखमांचा अभ्यास केला. १९६२ साली तो पुस्तकरूपाने छापला. त्या काळी जो तो आपापले मलम, तेल, स्पिरिट चोळायचा आणि माझेच खरे म्हणायचा. नॉर्टनबाईंनी भांडण केले नाही. कोणाच्या पाठीला काय लावले, कोणाची कूस किती वेळा बदलली, कोणाला जखम झाली, हे त्यांनी लिहून ठेवले आणि मोजले. लेपांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. ज्यांची कूस वेळच्या वेळी बदलली, त्यांना मात्र जखमा कमी झाल्या. तसे पाहिले तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात लिहूनच ठेवले होते, की अशी जखम बहुतेक वेळा रोगामुळे नव्हे, शुश्रूषेत कसर राहिल्यामुळे होते. पण लिहिणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे.

आता असे का होते? अंगणातल्या हिरवळीवर एक दगड ठेवा. आठ दिवसांनी उचला. खालचे गवत पिवळे पडलेले दिसेल. माणसाच्या कातडीचे तसेच आहे. हाड वरून दाबते, अंथरूण खालून दाबते. मधल्या कातडीतले रक्त अडते. रक्त नाही, तर तिचे पोषण नाही. धडधाकट माणूस झोपेतसुद्धा वळत असतो, म्हणून त्याला काही होत नाही. लकवा झालेला, खुब्याचे हाड मोडलेला, बेशुद्ध माणूस वळत नाही. त्यातून अंथरूण लघवीने ओले असेल, तर कातडी आणखी लवकर फुटते. आणि आतले मांस आधीच दुखावलेले असताना वरून चोळले, तर ते जास्तच फाटते. आम्ही तेच करत होतो.

तर मग करायचे काय? दर दोन तासांनी कूस बदलायची. आधी डावी, मग पाठ, मग उजवी. चांगल्या जाड फोमच्या गादीवर काहींना थोडे जास्त अंतर चालते, पण ते डॉक्टरांनी किंवा नर्सबाईंनी पाहून सांगावे. कुशीवर करताना सगळा भार खुब्यावर देऊ नका. पाठीमागे उशी लावून थोडे तिरके ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी घाला. पोटरीखाली उशी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहते. टाचेच्या जखमेची कोणाला आठवण राहत नाही, आणि ती फार त्रास देते. मधे भोक असलेली गोल चुंबळ खाली देऊ नका. ती कडेने रक्त अडवते.

आजाऱ्याला ओढून वर सरकवू नका, कातडी सोलवटते. खाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला. चादरीला चुणी राहू देऊ नका. ओले झाले की लगेच पुसून कोरडे करा. पोटात डाळ, दूध, अंडे, जे घरात चालते ते जाऊ द्या, कारण उपाशी अंगाची जखम भरत नाही.

रोज अंघोळ घालताना पाठ, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा नीट पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने हलकेच दाबा. बोट उचलल्यावर तो पांढरा झालेला दिसला आणि मग पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून फिरते आहे. लालच राहिला तर आतून जखम सुरू झाली, असे समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा. जागा गरम, घट्ट किंवा दुखरी लागते का? लागली, तर त्या जागेवर भार मुळीच देऊ नका. कातडी फुटली, काळी पडली, घाण वास आला किंवा ताप चढला, तर दवाखाना गाठा. तिथे घरगुती उपाय नको.

घरात चार माणसे असली, की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने कूस बदलली असेल. यावर उपाय तुमच्या हातात आहे. तुम्ही आता लिहायला शिकलात ना? आजाऱ्याजवळच्या भिंतीवर खडूने लिहा: डावी ६, पाठ ८, उजवी १०. ज्याने बदलली, त्याने पुढे खूण करावी. रात्रीच्या पाळ्याही लिहा आणि वाटून घ्या. सगळे घरच्या सुनेच्या अंगावर टाकू नका. आमच्या घरी तेच झाले होते.

आणखी एक गोष्ट. हात लावण्याआधी सांगा, "आई, आता तुम्हाला डाव्या कुशीवर करतो. थोडं दुखेल, मग बरं वाटेल." यालाही पुरावा आहे, बरं का! अमेरिकेत बॉस्टनच्या इस्पितळात पोटाचे ऑपरेशन व्हायचे होते, अशा ९७ लोकांपैकी काहींना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितले, की दुखेल कुठे, किती वेळ, आणि तेव्हा श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसे सोडायचे. बाकीच्यांना हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले होते, त्यांना दुखणे थांबवायचे जालीम औषध निम्मेच लागले. ते घरीही सरासरी पावणेतीन दिवस आधी गेले. हे १९६४ साली छापून आले.

गोड बोलले म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. पॅट्रिशिया लार्सन या अमेरिकेतल्या नर्सबाईंनी १९८०च्या सुमारास पन्नास कार्डे केली. प्रत्येक कार्डावर नर्सचे एकेक काम लिहिले. त्यांतली कोणती कामे जास्त मोलाची, ते निवडायला सांगितले. नर्स म्हणाल्या, रोग्याचे ऐकून घेणे, धीर देणे. कॅन्सरचे रोगी म्हणाले, इंजेक्शन नीट देता येणे, हत्यारे नीट हाताळणे. खाटेवर पडलेल्याला आधी हात जाणता हवा असतो. आमच्या आईला मायेचे हात मिळाले, जाणता एकही मिळाला नाही.

म्हणून इस्पितळातून माणूस घरी आणायच्या दिवशी नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघू नका. नर्सबाईंना म्हणा, "बाई, कूस कशी बदलायची ते एकदा आमच्याकडून करून घ्या." त्या समोर असताना तुमच्या हातांनी करा. चुकले तर पुन्हा करा. घरी जो जो रात्री जागणार असेल, त्यालाही सोबत न्या.