फिल्मशिवायचा एक्स-रे
१८९५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं हाडांची, छातीची चित्रं आधी काचेच्या प्लेटवर आणि मग फिल्मवर उमटत होती. ती अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची, मग उजेडासमोर धरून बघायची. १९८३ मध्ये जपानच्या फुजी कंपनीने पुन्हापुन्हा वापरता येणारी प्लेट बाजारात आणली. आता सपाट डिटेक्टर सर्रास दिसतो.

या डिटेक्टरमध्ये बहुधा सिझियम आयोडाइडचा थर असतो. शरीरातून आरपार आलेले क्ष-किरण त्यावर पडले की तो प्रकाशतो. त्याखालचे सिलिकॉनचे बारीक प्रकाशग्राही त्या उजेडाचे विद्युत संकेत करतात, संकेतांचे आकडे होतात आणि काही सेकंदांत चित्र पडद्यावर येतं. हाड किरण जास्त अडवतं म्हणून पांढरं, हवेने भरलेलं फुप्फुस काळं. हे फिल्मच्या काळातलंच.

खरा फरक वेगळाच आहे, आणि तो रुग्णांपर्यंत क्वचितच पोचतो याची मला खंत वाटते. फिल्मवर किरण जास्त पडले तर ती काळीठिक्कर व्हायची, चूक लगेच दिसायची. डिजिटल चित्र संगणक सावरून घेतो. उलट जास्त किरणांनी ते अधिकच स्वच्छ दिसतं. त्यामुळे मात्रा नकळत वाढत जाऊ शकते. एरवी छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दहाएक दिवसांत मिळतो तेवढाच किरणोत्सार असतो. घाबरायचं कारण नाही. पण गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगावं, आणि जुना एक्स-रे सोबत न्यावा. पुन्हा काढायची वेळ कधी कधी टळते.