विमान ‘737 मॅक्स’ आहे हे कळले आणि छातीत धडधडू लागले... तर काय कराल?

तिकीट स्वस्तात मिळाले, वेळ सोयीची आहे. मग मोबाइलवर सहज पाहिले तर विमानाचा प्रकार दिसतो : बोईंग 737 मॅक्स. जुन्या बातम्या आठवतात. रात्री झोप लागत नाही. प्रवास आठवडाभरावर असतानाच पोटात गोळा येतो, हात गार पडतात. घरचे म्हणतात, ‘उगाच घाबरतोस’.

हा लेख अशा प्रवाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. विमान कसे बनवतात हा माझा विषय नाही. पण त्याच्या नावाने शरीरात काय सुरू होते आणि ते कसे आटोक्यात आणायचे, हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे.

ही भीती आली कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. या विमानाबद्दल शंका येणे हा वेडेपणा नव्हे.

29 ऑक्टोबर 2018 रोजी इंडोनेशियात लायन एअरचे आणि 10 मार्च 2019 रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे 737 मॅक्स विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच कोसळले. दोन्ही मिळून 346 माणसे गेली. या विमानात एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा होती. विमानाचे नाक जास्त वर गेले असे वाटले की ती ते आपोआप खाली दाबत असे. त्यासाठी ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सरने चुकीची माहिती दिली आणि यंत्रणा नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली. पहिला अपघात झाला तेव्हा वैमानिकांच्या पुस्तिकेत या यंत्रणेची माहितीही नव्हती.

मार्च 2019 मध्ये भारतासह जगभर ही विमाने जमिनीवर ठेवली गेली. यंत्रणा बदलण्यात आली : आता ती दोन सेन्सरचे आकडे ताडून पाहते, ते जुळले नाहीत तर काम करत नाही, नाक वारंवार दाबत नाही आणि वैमानिक तिच्यावर मात करू शकतो. वैमानिकांना सिम्युलेटरवर प्रशिक्षण सक्तीचे झाले. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 26 ऑगस्ट 2021 रोजी अटी घालून परवानगी दिली. त्यानंतर 7 ऑगस्ट 2022 रोजी अकासा एअर या नव्या, कमी भाड्याच्या कंपनीने याच विमानाने मुंबई–अहमदाबाद अशी पहिली फेरी केली. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक प्रवाशांना हे नाव तिकिटावर दिसू लागले.

जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत 737 मॅक्स 9 विमानाच्या भिंतीचा एक भाग उडत असतानाच निखळला. जीवितहानी झाली नाही, पण भीती पुन्हा जागी झाली. जून 2025 मध्ये अहमदाबादला झालेल्या अपघाताने तर घराघरांत ती पोहोचली. ते विमान बोईंग 787 होते, मॅक्स नव्हते. पण घाबरलेले मन असा फरक करत नाही.

म्हणजे ‘हे विमान सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न रास्त होता. त्याची तपासणी नियामकांनी केली आणि विमानांना परवानगी दिली. ‘काहीच होणार नाही’ अशी लेखी हमी मात्र कोणत्याच विमानाबद्दल, रेल्वेबद्दल किंवा रस्त्याबद्दल कोणी देऊ शकत नाही. उत्तर वाचूनही धडधड थांबत नसेल, तर तो प्रश्न आता विमानाचा राहिलेला नाही. तो शरीराचा झाला आहे आणि त्यावर उपाय आहेत.

शरीरात नेमके काय होते?

मेंदूत अमिग्डला नावाचा छोटा भाग आहे. तो धोक्याची घंटा वाजवतो. ही घंटा आकडेवारी वाचून वाजत नाही. टीव्हीवर पाहिलेले दृश्य, ऐकलेले नाव, आठवलेला आवाज तिला पुरतो. घंटा वाजली की अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. हृदय जोरात धावते, घाम येतो, स्नायू ताठ होतात, पोट बिघडते.

त्यातच आपण भराभर श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरते, छाती आवळल्यासारखी वाटते. हे होताच माणसाला वाटते, ‘मला हार्ट अटॅक येतोय’. भीती दुप्पट होते, श्वास आणखी वाढतो. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. तो अतिशय त्रासदायक असतो, पण साधारणपणे दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो.

टाळल्याने भीती का वाढते?

तिकीट रद्द केले की लगेच हलके वाटते. मेंदू त्यातून धडा घेतो : ‘टाळले म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी घंटा अधिक लवकर आणि अधिक जोरात वाजते. आधी फक्त मॅक्स टाळले जाते, मग बोईंग, मग सगळीच विमाने.

विमानाचा प्रकार दिवसातून दहा वेळा तपासणे हेही टाळण्याचेच एक रूप आहे. कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, त्यामुळे ही तपासणी कधी संपतच नाही. तिकीट काढताना एकदा पाहा, निर्णय घ्या आणि विषय बंद करा.

टाळण्याची किंमतही मोजावी लागते. समजा, नागपूरच्या आजींना उपचारांसाठी मुंबईला न्यायचे आहे. मुलाला विमानाची भीती, म्हणून तो त्यांना रात्रभर गाडीने सुमारे 700 किलोमीटर नेतो. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मरण पावली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून गाडी पकडली. त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्त मृत्यू झाले, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी मांडला आहे. भीतीने दाखवलेला मार्ग सुरक्षित असेलच असे नाही.

प्रवासाआधी काय करावे?

- बातम्यांना मर्यादा घाला. अपघाताचे व्हिडिओ पाहणे बंद करा. एकदा माहिती घेतलीत, ती पुरेशी आहे.
- श्वासाचा सराव करा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटे. घरी सवय झाली तरच विमानात उपयोग होतो.
- पायरी-पायरीने सामोरे जा. आधी विमानाची छायाचित्रे, मग उड्डाणाचे आवाज, मग विमानतळावर कोणाला सोडायला जाणे, मग छोटा प्रवास. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबा.
- झोप आणि जेवण सांभाळा. प्रवासाच्या दिवशी चहा-कॉफी कमी घ्या. त्यांनीही धडधड वाढते.

विमानात बसल्यावर

कोणते आवाज नेहमीचे असतात हे माहीत असले की निम्मी भीती कमी होते. उड्डाणानंतर ‘धप्’ असा आवाज येतो, ती चाके आत गेलेली असतात. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते. इंजिन बंद पडलेले नसते, चढताना लागणारा पूर्ण जोर कमी केलेला असतो. पंखांजवळून येणारी घरघर फ्लॅप हलवणाऱ्या यंत्रणेची असते. हवेतले हेलकावे म्हणजे खडबडीत रस्त्यावरून गाडी जाण्यासारखे आहे. मात्र पट्टा कायम बांधलेला ठेवा.

धडधड सुरू झाली तर तिच्याशी भांडू नका. स्वतःला सांगा, ‘ही घंटा आहे, आग नव्हे.’ श्वास बाहेर सोडणे लांबवा. तळपाय जमिनीवर घट्ट टेकवा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या. कर्मचाऱ्यांना सांगायला लाजू नका, त्यांना असे प्रवासी रोज भेटतात.

गोळी घेतली तर?

‘शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी घेऊ का?’ हा नेहमीचा प्रश्न. उत्तर : नको.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी त्या वेळेपुरते बरे वाटते. पण मेंदूला ‘विमानात बसूनही मी ठीक राहिलो’ हे शिकण्याची संधी मिळत नाही. विमानाची भीती असलेल्यांवरच्या एका अभ्यासात, पहिल्या प्रवासात ही गोळी घेतलेल्यांना पुढच्या, गोळीविना केलेल्या प्रवासात जास्त भीती वाटल्याचे दिसले. शिवाय गोळीच्या गुंगीत माणूस तासन्‌तास न हलता बसतो, ते पायातील रक्तासाठी चांगले नाही. दारूबरोबर अशी गोळी घेतल्यास श्वास मंदावू शकतो. धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना घातक ठरू शकते. औषध लागणारच असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिलेले असावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

भीतीमुळे नोकरी, उपचार किंवा जवळच्यांच्या भेटी टळत असतील, पॅनिक अटॅक वारंवार येत असतील, किंवा ताण विसरण्यासाठी दारू लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, या भीतीवर चांगली गुणकारी आहे. अनेकदा काही बैठकींतच मोठा फरक पडतो. आधी बोलूनच पाहायचे असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते.

एक सावधगिरी. छातीतले प्रत्येक दुखणे ‘भीतीच’ समजू नका. दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, चालताना वाढत असेल, घामाघूम होऊन चक्कर येत असेल, तर तातडीने तपासणी करा. विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

घरच्यांसाठी

‘त्यात काय घाबरायचे’ म्हणू नका, चेष्टा तर मुळीच नको. पण त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी प्रवासही रद्द करू नका. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतेय, आपण हळूहळू करू, मी शेजारी बसतो’ एवढे वाक्य पुरते.

पहिल्या प्रवासात भीती पूर्ण जाणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. भीती सोबत असतानाही तुम्ही उतरून बाहेर आलात, हेच त्या दिवशीचे यश. पुढच्या वेळी घंटा जरा हळू वाजेल.