सॅल्मन कुणाच्या नदीचा?

वर्गात जनुके शिकविताना मला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या समाजात ज्याच्या घराने आत्ता कुठे महाविद्यालयाची पायरी पाहिली, त्याला 'रक्तातच असते' हा शब्दप्रयोग संशयास्पद वाटणारच. तो संशय सोडायला मी तयार नाही. पण ज्यांच्या ताटातला घास गेला त्यांना 'तो घास तुमचाच होता हे कशावरून?' असे विचारले जाते, तेव्हा हेच शास्त्र पुरावा म्हणून उभे करता येते. अलास्काच्या बेरिंग समुद्रात ते घडते आहे. त्या पुराव्याची ताकद आणि मर्यादा, दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

या समुद्रात पोलॉक नावाच्या माशाची मोठी मासेमारी चालते. पिशवीसारखी प्रचंड जाळी ओढणारे ट्रॉलर बहुतेक वर्षी दहा लाख टनांहून अधिक पोलॉक काढतात. त्याच जाळ्यात सॅल्मनही सापडतो. कायद्याने तो विकता येत नाही. तो मोजायचा आणि समुद्रात टाकायचा, किंवा भुकेल्यांना अन्न वाटणाऱ्या संस्थांना द्यायचा. 2007 साली अशा चिनूक सॅल्मनची संख्या सुमारे 1,22,000 झाली. चम या दुसऱ्या जातीचे 2021 साली सुमारे 5,46,000 मासे सापडले.

दुसरीकडे युकॉन आणि कस्कोक्विम या नद्यांच्या काठी युपिक आणि अथाबास्कन हे आदिवासी समाज राहतात. उन्हाळ्यात नदीकाठी तळ ठोकायचा, मासे वाळवायचे, धुरावर धरायचे आणि त्यावर हिवाळा काढायचा, हे त्यांचे जगणे. गेल्या काही वर्षांत नद्यांत मासाच परतेनासा झाला. युकॉनवर चिनूक आणि चम दोन्हींसाठी त्यांची जाळी बंद करण्यात आली. 2024 च्या एप्रिलमध्ये तर अलास्का आणि कॅनडा यांनी युकॉनच्या चिनूकवर सात वर्षांची बंदी मान्य केली. पोटापुरती मासेमारीही तीत आली. नदीतली जाळी सुकत पडली आणि समुद्रातली चालू राहिली. तेव्हा नदीकाठच्या माणसाचा प्रश्न साधा होता: तुमच्या जाळ्यातले आमचे किती?

खुल्या समुद्रात सापडलेला मासा पाहून त्याची नदी सांगता येत नाही. जपान, रशिया, अलास्का, कॅनडा, अमेरिकेचा पश्चिम किनारा, सगळीकडचे सॅल्मन तिथे एकत्र चरतात. पण अंडी घालायला मासा बहुधा जन्मनदीतच परततो, आणि अंडी घालून मरतो. पिढ्यान्‌पिढ्या असे झाल्याने प्रत्येक खोऱ्यातल्या माशांत जनुकांचे बारीकसारीक फरक साठत जातात. डीएनएच्या लांब साखळीत ठराविक जागी एका खोऱ्यात एक अक्षर जास्त आढळते, दुसऱ्यात दुसरे. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसेच हे. एका शब्दावरून बोलणारा कुठला ते कळत नाही, दहा-वीस शब्द ऐकले की प्रांत कळतो.

म्हणून आधी नद्यानद्यांतून अंडी घालायला आलेल्या माशांचे नमुने गोळा करून एक संदर्भसंग्रह करावा लागतो. मग ट्रॉलरवरचा सरकारी निरीक्षक सापडलेल्या माशाच्या पराचा छोटा तुकडा कापून पाठवतो आणि जुनो येथील प्रयोगशाळा तो संग्रहाशी ताडून पाहते. पूर्वी हे नमुने सोयीप्रमाणे घेतले जात. 2011 पासून शिस्त आली: दर दहा चिनूकमागे एक आणि दर तीस चममागे एक. ही बाब किरकोळ वाटेल, पण नमुना कसा घेतला यावरच पुराव्याची किंमत ठरते.

उत्तर काय आले? चिनूकपैकी बऱ्याच वर्षी निम्म्याच्या आसपास मासे पश्चिम अलास्काच्या किनारी नद्यांचे निघतात. चमचे चित्र वेगळे आहे. 2021 च्या चममध्ये निम्म्याहून अधिक आशियाई होते, आणि पश्चिम अलास्काचा वाटा सुमारे दहावा हिस्सा. ट्रॉलरवाल्यांच्या बाजूने हा दहावा हिस्सा फारच थोडा. पण साडेपाच लाखांचा दहावा हिस्सा म्हणजे पन्नास हजारांच्या घरातले मासे, आणि तेही युकॉनवर माणसांना एक चम धरायची बंदी असलेल्या वर्षी. आकडा तोच. शेकडेवारीत सांगितला की लहान होतो, माशांत सांगितला की मोठा!

तरी पुराव्याला जास्त बोलायला लावू नये. सापडलेला प्रत्येक मासा नदीत परतलाच असता असे नाही, कित्येक लहान असतात आणि समुद्रातच मेले असते. तो हिशेब केला तर अलीकडच्या वर्षांत पश्चिम अलास्काच्या चिनूकचे या जाळ्यांमुळे होणारे नुकसान शेकडा दोन-तीनच्या आसपास भरते. चम कोसळण्याचे मुख्य कारण समुद्राचे तापणे हे असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. शिवाय युकॉनचा खालचा भाग आणि कस्कोक्विम यांचे चिनूक जनुकांवरून नीट वेगळे काढता येत नाहीत. आपसात सोयरीक असलेल्या शेजारच्या गावांची बोली वेगळी काढता येत नाही, तसे. म्हणून ते एकाच मोठ्या गटात मोजतात. 'आमच्या नदीचे किती?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर असे साऱ्या किनाऱ्याचे असते.

पण याच शास्त्राने कुठे आणि केव्हा हेही दाखविले. पश्चिम अलास्काचा चम हंगामाच्या सुरुवातीला आणि अलास्का द्वीपकल्पाच्या बाजूला तुलनेने जास्त सापडतो. म्हणजे पोलॉकची मासेमारी न थांबवताही, ती वेळ आणि तो पट्टा टाळून त्या नद्यांचे मासे वाचविता येतात. चिनूकसाठी 2011 पासून 60,000 ची कमाल मर्यादा आली, आणि 2016 पासून नद्यांत मासा कमी असेल त्या वर्षी ती 45,000 वर उतरते. साडेपाच लाख चम सापडले त्या 2021 साली मात्र चमसाठी मासेमारी थांबविणारी अशी मर्यादाच नव्हती. 2023 साली दोन आदिवासी संघटना न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे, पोलॉकचा कोटा 2007 च्या जुन्या पर्यावरण-अहवालावर विसंबून ठरविला जातो, आणि त्यानंतर समुद्रही बदलला, नद्याही. 2025 च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. निरीक्षक पर कापून पाठवीतच आहेत.