पाच पेपर दोन सत्रांत का बसत नाहीत?

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कॉलेजच्या कट्ट्यावर कुरकुर ठरलेली: विषय मोजके, मग परीक्षा इतकी लांबते कशी? या कुरकुरीमागे एक समज असतो. एका विद्यार्थ्याचे जास्तीत जास्त जितके पेपर, तितकी सत्रं पुरायला हवीत.

कागद घ्या. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र. प्रत्येक विद्यार्थ्याचे पेपर दोनच; पण कुणाचे मराठी-इतिहास, कुणाचे इतिहास-अर्थशास्त्र, कुणाचे अर्थशास्त्र-संख्याशास्त्र, कुणाचे संख्याशास्त्र-मानसशास्त्र आणि कुणाचे मानसशास्त्र-मराठी. मराठी सकाळी ठेवलं की इतिहास दुपारी जातो, अर्थशास्त्र सकाळी, संख्याशास्त्र दुपारी. आता मानसशास्त्र? सकाळी मराठी आडवं येतं, दुपारी संख्याशास्त्र. तिसरं सत्र घ्यावंच लागतं.

गणिती हेच चित्रात मांडतात. पेपर म्हणजे ठिपका. दोन पेपरांना एक जरी विद्यार्थी सामाईक असला तरी मध्ये रेघ. रेघेच्या दोन टोकांना एकच रंग द्यायचा नाही. जितके रंग लागतील तितकी सत्रं. नकाशातले शेजारी प्रदेश वेगवेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग पुरतात, हे ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. वेळापत्रकाला अशी कुठलीही मर्यादा नाही.

'संगणक सगळ्या शक्यता तपासून सर्वोत्तम वेळापत्रक देतो', हाही भ्रमच. ३० पेपर १० सत्रांत टाकण्याचे प्रकार होतात एकावर तीस शून्यं! कमीत कमी रंगांचं उत्तर दर वेळी झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. म्हणून वेल्श आणि पॉवेल यांनी १९६७ मध्ये सुचवलेली युक्ती अजून कामी येते: ज्या पेपरच्या टकरी, म्हणजे रेघा, सर्वांत जास्त, तो आधी बसवा. उत्तर बहुधा चांगलं येतं, सर्वोत्तम येईलच असं नाही.

आणि टक्कर टळली म्हणजे वेळापत्रक चांगलं, असंही नाही. कार्टर, लापोर्त आणि ली यांच्या १९९६ च्या गाजलेल्या मापात एखाद्याचे दोन पेपर लागोपाठच्या सत्रांत आले तर १६ दंडगुण, एक सत्र मध्ये मोकळं मिळालं तर ८, पुढे ४, २, १. हे आकडे माणसांनीच ठरवलेले. विद्यार्थ्यांना विचारलं असतं तर १६ चे बहुधा ६१ झाले असते.

आपल्याकडे यात एटीकेटीची भर. मागच्या वर्षाचा पेपर राहिलेला एकटा विद्यार्थीही दोन वर्षांच्या पेपरांमध्ये नवी रेघ ओढतो. असे फॉर्म वेळापत्रक ठरल्यावर आले, तर जमलेली घडी पुन्हा उलगडावी लागते.