बिऱ्हाड चाकांवर, पण मुक्काम कुठे?

ऑस्ट्रेलियात निवृत्त जोडपी घराला कुलूप घालतात, गाडीमागे कॅरव्हॅन जोडतात आणि महिनोनमहिने भटकतात. त्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. मुलाकडे ॲडलेड-मेलबर्नला गेलेले आपल्याकडचे आईबाबा हे बघतात आणि तेच खूळ डोक्यात घेऊन पुण्याला परततात. येरवड्यातून नगर रस्त्याला लागायचं, वेरूळ-अजिंठा करून यायचं, हॉटेलची कटकट नको. कल्पना झकास आहे. पण तिकडची मजा गाडीत फारशी नसते, ती मुक्कामाच्या व्यवस्थेत असते.

पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे सुमारे 2,700 किलोमीटरचा. त्यावर ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पेडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोलपंप नाही. म्हणजे येरवड्याच्या गुंजन चौकातून निघायचं आणि छत्रपती संभाजीनगर येईपर्यंत रस्त्यात ना पंप, ना टपरी. पुढच्या नॉर्दर्न टेरिटरीचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त, वस्ती मात्र जेमतेम अडीच लाख. म्हणून पाणी, डिझेल, गॅसचा सिलिंडर यांचा हिशोब आदल्या रात्रीच मांडतात. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठतात, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. पुढे चाललेला मालवाहू ‘रोड ट्रेन’ पन्नास मीटरहून लांब असू शकतो. त्याला ओलांडून पुढे जायचं तर नजर पोहोचेल तिथवर रस्ता मोकळा हवा.

तिथली कॅरव्हॅन बहुतेकदा गाडीमागे जोडून ओढायची. ती चालू असताना आत कोणी बसायचं नाही, असा नियम आहे. खरी परीक्षा रिव्हर्समध्ये. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरव्हॅनचं शेपूट डावीकडे जातं. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हातवारे करणार; तीस-पस्तीस वर्षांचा संसार तिथे पणाला लागतो.

एकदा जागेवर लागलं की सगळं सोपं. खांबावरच्या सॉकेटमध्ये वायर, नळाला पाइप, की घर सुरू. सकाळी मात्र एक काम असतं आणि ते फोटोत कधी दिसत नाही. शौचालयाखाली वीसेक लिटरची चाकं लावलेली टाकी असते. बाहेरचं छोटं दार उघडून ती ओढून काढायची, बॅगेसारखी ढकलत ‘डम्प पॉइंट’वर न्यायची, तोटी खाली करून ओतायची, दोनदा विसळायची, आत औषध घालून परत बसवायची. नाक दाबून पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी तो डम्प पॉइंट लागतो, आणि तिकडे छोट्या गावांतही तो सापडतो.

आता आपल्याकडे. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात कॅरव्हॅन आणि कॅरव्हॅन पार्क असे दोन्ही भाग आहेत, ही गोष्ट शहाणपणाची. त्याच वर्षी केरळनेही असंच धोरण आणलं. आपल्याकडे गाडी ओढायची नसते. चालकासकट मिनी बसएवढं वाहन भाड्याने मिळतं, आत पलंग, ओटा, शौचालय. त्यामुळे रिव्हर्सवरून होणारं भांडण टळतं, पण दोघांचा एकांतही जातो!

बिऱ्हाड घेऊन हिंडणं आपल्याला नवं नाही. लमाणांचे तांडे, धनगरांचे वाडे, घिसाड्यांच्या गाड्या पिढ्यानपिढ्या फिरल्या, पण पोटासाठी. त्यांना गावाबाहेरच उतरावं लागायचं. हौसेने फिरणाऱ्याला वीज लागते, पाणी लागतं, आणि मैला टाकायला जागा लागते. शिक्रापूर-शिरूरच्या ढाब्यावर जेवण झक्क मिळेल, पंक्चरही निघेल. टाकी कुठे रिकामी करू, असं विचारलंत तर मालक तुमच्याकडे बघतच राहील. नदीनाल्यात ओतणं हा पर्याय नव्हे, आणि मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांनी तर तो मनातही आणू नये.

माझ्या मते सरकारने आधी अजिंठा, लोणार, महाबळेश्वर अशा मार्गांवर साधे थांबे उभारावेत: चार गाड्यांपुरती सपाट जागा, वीज, नळ आणि सांडपाण्याची टाकी. आलिशान गाड्यांची जाहिरात नंतर करता येईल. तोवर तुम्ही गाडी ठरवायला फोन कराल तेव्हा एसी आणि टीव्हीची चौकशी मागाहून करा. रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि टाकी कुठे रिकामी होणार, हे आधी विचारा. नीट उत्तर मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.