कोशनोंदीची पात्रता : एका लहान ध्वनिमुद्रिका कंपनीचे उदाहरण

कोशवाङ्मयाचा अभ्यास करताना एक व्यावहारिक प्रश्न वारंवार उद्भवतो : लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपनीला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी काय?

उदाहरणादाखल इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील ‘सारा रेकॉर्ड्‌स’ ही कंपनी घेऊ. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी ती १९८७ साली सुरू केली. मुख्यतः सात इंची तबकड्या काढणाऱ्या या कंपनीने आपल्या प्रकाशनांना १ पासून क्रमांक दिले आणि १९९५ साली शंभरावा क्रमांक काढून आपले काम स्वतःहून थांबविले. पन्नासावा क्रमांक तर तबकडीला नव्हे, पटावरील एका खेळाला दिला होता.

ही माहिती मनोरंजक आहे. परंतु मनोरंजकता म्हणजे पात्रता नव्हे. कोशकाराने तीन गोष्टी तपासाव्यात.

१. कंपनीशी हितसंबंध नसलेल्यांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे काय? कंपनीची स्वतःची सूची हा अस्तित्वाचा पुरावा होय, महत्त्वाचा नव्हे.

२. ते लेखन कंपनीविषयी आहे, की केवळ तिच्या कलावंतांविषयी? नामवंत गायकाची कीर्ती कंपनीकडे वारशाने येत नाही.

३. स्वतंत्र नोंदीपुरता मजकूर उपलब्ध आहे काय? नसल्यास व्यापक विषयाच्या नोंदीत एक परिच्छेद पुरेसा ठरतो.

‘सारा’ बंद झाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी तिच्यावर माहितीपट आणि स्वतंत्र पुस्तक निघाले. म्हणून ती या कसोट्यांना उतरते. तिच्या चाहत्यांना ती प्रिय आहे म्हणून नव्हे.

येथे शब्दार्थाकडेही लक्ष द्यावे. ‘लहान’ हा शब्द आकार सांगतो, ‘क्षुल्लक’ हा मूल्य ठरवितो. या दोहोंची गल्लत झाली, तर कोशात केवळ मोठ्या भांडवलाचा इतिहास उरेल. उलट, पुराव्याविना नोंदी घेतल्या, तर कोशाचे जाहिरातपत्रक होईल. छापील खंडांना असलेली पृष्ठमर्यादा संगणकीय कोशाला नाही. पडताळणीची मर्यादा मात्र दोन्हींना सारखीच लागू आहे.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील एखादी नाटक मंडळी, छापखाना किंवा ध्वनिफीत कंपनी निवडा. तिला वरील कसोट्या लावा आणि आपला निर्णय पाच वाक्यांत सकारण लिहा.