पन्नाशीतले नवे पेन

नव्या वस्तूचे कौतुक करण्याचा हक्क माणसाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी संपतो, असा आपल्या घरांतून एक अलिखित नियम आहे. मुलासाठी नवी सायकल आली म्हणजे सारे घर अंगणात उतरते आणि प्रत्येकजण तिची घंटी एकदा तरी वाजवून पाहतो. त्याच घरातील कर्त्या माणसाने स्वतःसाठी एखादी हौसेची वस्तू आणली, तर पिशवीतून बाहेर निघण्यापूर्वीच तिला आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागते. मिक्सरला कोणी जाब विचारीत नाही, कारण त्यात चटणी वाटली जाते. दुर्बिणीला मात्र विचारला जातो. "नुसती आवडली म्हणून आणली" हे उत्तर आपल्या मध्यमवर्गीय घरातील न्यायासनापुढे सहसा टिकत नाही. मग माणसे पळवाटा शोधतात. आमचे एक स्नेही नातवासाठी म्हणून रुळांवरून धावणारी खेळण्यातली आगगाडी घेऊन आले. नातू त्या वेळी पाच महिन्यांचा होता.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी एक शाईचे पेन विकत घेतले. काळ्या एबोनाइटचे, हाताने कातलेले, ड्रॉपरने शाई भरावयाचे. किंमत साडेआठशे रुपये. पळवाट शोधण्याइतकी कल्पकता माझ्यापाशी नसल्याने मी ते सरळ टेबलावर ठेवले.

"अहो, खणात डझनभर पेनं पडली आहेत. हे तेरावं कशाला?" सौ.ने विचारले.

"लिहायला."

"काय लिहिता हो तुम्ही हल्ली?"

प्रश्न सहज विचारला गेला होता. पण तो मनात रुतून बसला. मराठी घेऊन एम. ए. झालेला, तीस वर्षे शाळेत काढलेला मी गृहस्थ हल्ली खरोखर काय लिहितो? हजेरी मोबाइलवर भरली जाते. माध्यान्ह भोजनाचा हिशेब संगणकावर जातो. निरोप अंगठ्याने टाइप होतात. हाताने करावयाची उरते ती सही, आणि सही म्हणजे काही लेखन नव्हे. हे पेन घेतले तेव्हा एवढा विचार मी केला नव्हता. मला ते आवडले होते, एवढेच.

आता आवडले का, हे सांगितले पाहिजे.

हैदराबादेत राहणाऱ्या वाचकांना शाईच्या पेनाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्या शहरात डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ पासून आहे आणि तेथील 'ऑथर' व 'ॲडव्होकेट' ही हातकामाची पेने जुन्या वकिलांच्या आणि प्राध्यापकांच्या खिशांत आपण सर्वांनी पाहिली आहेत. पलीकडे गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीस रत्नम् यांनी १९३२ च्या सुमारास पेने घडविण्यास आरंभ केला. महात्मा गांधींना त्यांचे पेन पसंत पडले आणि १९३५ मध्ये त्यांनी तसे पत्रही धाडले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. स्वदेशीच्या त्या दिवसांत पेन ही साधी वस्तू नव्हती. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करावयास घेतल्या. घोडाछाप शाईपासून निघालेला तो उद्योग पुढे उंटाच्या चित्राने घरोघर पोहोचला. बंगालमध्ये १९३४ साली 'सुलेखा' शाई निघाली. ती मध्यंतरी बंद पडली होती. २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली. सांगावयाचे म्हणजे, साडेआठशे रुपयांत मला नुसती एक नळी मिळाली नाही.

त्या नळीचे द्रव्यही मोठे गमतीचे आहे. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापविले म्हणजे त्याचा लवचिकपणा जाऊन काळे, टणक एबोनाइट तयार होते. लेथवर ते सुरेख कातले जाते. तळहातावर जोराने चोळून हुंगले की गंधकाचा पुसट वास येतो. उन्हात ठेवले तर काही वर्षांत काळा रंग उतरून तपकिरी-हिरवट छटा येते. प्लास्टिक हातात घेतले तर परके वाटते. एबोनाइट थोड्याच वेळात हाताइतके उबदार होते. हे माझे मत आहे. पेनांचे शौकीन यावर तासन्‌तास वाद घालू शकतात.

रविवारी आबिड्सच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या बाजारात हिंडून झाल्यावर मी एका लहानशा दुकानात शिरलो होतो. मागल्या बाजूस लेथ, पुढे काचेचे कपाट आणि मधोमध चष्मा कपाळावर चढवून बसलेले वृद्ध कारागीर. त्यांनी पेन माझ्या हाती दिले व म्हणाले, "हल्लू लिखो साब, जोर नक्को देओ. निब खुद चलती." दखनीतला हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ आहे, हे ठाऊक असूनही तो कानी पडला की मला दर वेळी घरचे माणूस भेटल्यासारखे होते.

मी सपाट टोकाची निब मागितली. त्यांनी विचारले, "अंग्रेजी लिखते या उर्दू?" मी म्हणालो, "मराठी." त्यावर त्यांनी निब भिंगाखाली धरली आणि उद्गारले, "तो उल्टा कत होना." कत म्हणजे लेखणीच्या टोकाचा तिरपा छेद. मी आयुष्यभर देवनागरी शिकविली आहे, फळ्यावर हजारो वेळा 'अ' काढला आहे. परंतु ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती. रोमन लिपीत ज्या दिशेची तिरपी रेघ जाड उमटते, त्याच दिशेची रेघ देवनागरीत बारीक उमटते. म्हणून आपला बोरू इंग्रजी टाकाच्या उलट बाजूस तासावा लागतो. परदेशी सपाट निबेने मराठी लिहिले की अक्षर शुद्ध असूनही कोणाचे तरी कपडे घातल्यासारखे दिसते, त्याचे कारण हेच. त्यांनी बारीक दगडावर दहा मिनिटे निब घासली, मध्येच कागदावर माझ्याकडून 'क' आणि 'ग' लिहून घेतले, पुन्हा घासली. या दहा मिनिटांचे त्यांनी निराळे पैसे घेतले नाहीत.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत महसूल खात्यात कारकून होते. कचेरीत उर्दू, घरच्या हिशेबात मोडी आणि पोथीपुरती बालबोध अशी त्यांच्या हाताची तीन वळणे होती. मोडीचा जन्मच मुळी हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून झालेला. त्यांच्या कलमदानात दोन प्रकारचे बोरू वेगळे ठेवलेले असत आणि आम्हा मुलांना त्यांस हात लावण्याची मनाई होती. ते दोन प्रकार का, हे मला त्या दुकानात कळले.

पहिल्या आठवड्यात मी काही लिहिले नाही. नुसते पेन चालविले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर शिरोरेघा ओढल्या. टोपणाचे आटे किती फेऱ्यांत बसतात ते मोजले; साडेतीन. पेन उघडून पुन्हा बंद करण्यात जे सुख आहे त्याला काहीही प्रयोजन नाही, आणि ते सुख मी मनसोक्त घेतले. खेळणे आणि अवजार यांतील सीमारेषा फार पुसट असते. सुताराला नवा रंधा मिळाला तर तोही आधी निरुपयोगी फळीवरच चालवून पाहतो.

शाळेत पेन नेले तेव्हा मात्र त्याचे शिक्षणमूल्य अचानक वाढले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, यात रिफिल कुठं असते?" बॉलपेनाच्या पिढीला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. लास्लो बिरो यांनी बॉलपेनाचे पेटंट १९३८ मध्ये घेतले, आणि आमच्या लहानपणापर्यंत त्याने शाईच्या पेनाला वर्गाच्या दाराशी आणून ठेवले होते. पुढे बाहेरच काढले. मी पेन उघडून दाखविले. शाई नुसती नळीत भरलेली आहे. झाकण लावले आणि संपले. मग ती भळाभळा बाहेर का येत नाही? मुले क्षणभर गप्प झाली. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी टीपकागदाची एक पट्टी शाईत बुडवून शाई वर चढताना दाखविली. निबेखालच्या काळ्या पट्टीत बारीक खाचा असतात. त्यांतून केशाकर्षणाने शाई खाली उतरते आणि तिच्या जागी तितकीच हवा वर जाते. हवा जाण्याची वाट बंद केली तर शाईही थांबते. लुई वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिचे मर्म या देवघेवीतच होते. त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी मुले उठेनात. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला असे भाग्य क्वचित लाभते.

या जातीच्या पेनाचा एक स्वभाव मात्र सांभाळावा लागतो. शाई निम्म्याच्या खाली उतरली की वर हवेचा मोठा साठा होतो. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि निबेतून एखादा टपोरा थेंब बाहेर ढकलते. आमच्या मास्तरांच्या खिशांवरील निळे डाग यातलेच. उपाय सोपा आहे: शाई संपण्याची वाट न पाहता नळी भरीत राहावी. मी दर शनिवारी सायंकाळी पेन कोमट पाण्याने धुतो, निब फडक्यावर उताणी टाकतो आणि ड्रॉपरने मोजून शाई भरतो. बोटे निळी होतात. त्या अर्ध्या तासात मोबाइल वाजला तरी उचलता येत नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगतो. लाखालाखाची पेने मखमलीच्या पेटीत ठेवून त्यांत शाई कधीच न भरणारे संग्राहक असतात. त्यांच्या छंदाला माझी ना नाही, पण न लिहिलेले पेन आणि बँकेतील ठेव यांत मला फरक दिसत नाही.

पेन होते, शाई होती, निब आपल्या लिपीची होती; लिहावयास मात्र काही नव्हते. शेवटी मी बेंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या कन्येला पत्र लिहिले. रोज फोनवर बोलणे होते; तेव्हा पत्रात लिहावे असे काय उरले असेल, असे प्रथम वाटले. परंतु पेन हळू चालते, आणि हळू चालणाऱ्या हाताला निराळ्याच गोष्टी आठवतात. आजोबांच्या कलमदानाबद्दल मी तिला कधी सांगितलेच नव्हते. चार पाने झाली.

आपल्या समाजातील अनेक घरांत आहे तीच स्थिती आमच्या घरी आहे. मुलगी इंग्रजी माध्यमातून शिकली. शाळेत तेलुगू आणि हिंदी होती. मराठी ती अस्खलित बोलते, मासिके सावकाश वाचते. पण लिहिण्याचा प्रसंग तिला कधी आला नाही. मोबाइलवर ती मराठी लिहिते तीही रोमन अक्षरांत. आमची भाषा हैदराबादेत काही पिढ्या टिकली, ती बोलण्याने टिकली यात शंका नाही. पण माझ्या आजोबांच्या हाताची तीन वळणे तिसऱ्या पिढीत शून्यावर येतील, ही कल्पना काही सुखाची नव्हती.

तीन आठवड्यांनी टपालाने उत्तर आले. बॉलपेनाने लिहिलेले, एका पानाचे. शिरोरेघा वर-खाली झालेल्या, 'ळ' आडवा पडलेला, आणि मधोमध हे वाक्य: "आमच्या कॅंटीनच्या आचार्यांनी परवा पुरणपोळी केली होती." मी ते सौ.ला वाचून दाखविले. एवढे विद्वान आचार्य पुरण वाटीत बसल्याचे चित्र डोळ्यांपुढे येऊन आम्ही दोघेही बराच वेळ हसत होतो. मग तिने पत्र माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुन्हा एकदा वाचले. "लिही म्हणावं अशीच," एवढेच म्हणाली.

त्याच रात्री मी बसून कन्येला 'र'ची सारी रूपे लिहून धाडली: 'सूर्य'मधला रफार, 'प्रकाश'मधली तिरपी रेघ, 'राष्ट्र'मधला खालचा काना मोडलेला 'र', आणि आपल्या मराठीचा खास 'दऱ्या' व 'आचाऱ्यां'मधला तो पापणीसारखा अर्धा 'र'. प्रत्येक रूप मोठ्या अक्षरांत, रेघ कोठून सुरू करावी ते बाणाने दाखवून. पान भरले तेव्हा साडेअकरा वाजले होते. खाली थोडी जागा उरली, तेथे नळीत शिल्लक असलेल्या शाईने एक लांब शिरोरेघ ओढली आणि लिहिले, "या रेघेखाली 'कॅंटीनचे आचारी' असे पाच वेळा लिहून कागद परत पाठव." तो कागद अद्याप यावयाचा आहे.